ब्रेकवरून पाय काढा

(पडद्यावर: उतरता रस्ता. गाड्यांच्या लाल दिव्यांची रांग, जागची न हलणारी. दोन्ही बाजूंना कंबरभर बर्फ.)

संध्याकाळचे साडेचार वाजलेत. हिमाचलमधल्या अटल बोगद्याचं हे दक्षिणेकडचं, म्हणजे मनालीच्या बाजूचं तोंड. आतला रस्ता बऱ्यापैकी कोरडा, दिवे लख्ख, गाडीत गाणी चालू. नऊ किलोमीटर असेच निघून जातात. मग गाडी बाहेर पडते आणि पहिल्याच वळणावर ड्रायव्हरच्या लक्षात येतं, की स्टिअरिंग वळलंय, गाडी सरळच चाललीये.

बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याआधी रोहतांगची खिंड बर्फाने मिटली, की पलीकडचं लाहौल सहा-सहा महिने तुटलेलं असायचं. आता मनालीत पराठे खाऊन बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला जायचं, बर्फात फोटो काढायचे आणि रात्रीच्या जेवणाला परत यायचं, असा बेत कुणीही आखतो. लाहौलच्या माणसाला हा बोगदा दवाखाना, बाजार आणि कॉलेज गाठून देतो. आपण जातो मजा करायला, आणि तेही नेमके सगळे एकाच आठवड्यात.

२३ डिसेंबर २०२४ ला, ऐन नाताळच्या गर्दीत, मनालीच्या बाजूचं सोलंग ते बोगदा या पट्ट्यात जवळपास हजार गाड्या अडकल्या. पोलीस त्या थंडीत रात्री उशिरापर्यंत माणसं बाहेर काढत होते. चारच दिवसांनी, २७ तारखेला, पुन्हा तेच झालं. पुन्हा हजारेक गाड्या, आणि या खेपेला पाच हजारांच्या आसपास पर्यटक. त्या दिवसांतले व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. गाडी घसरू लागते, ड्रायव्हर दार उघडून उडी मारतो, आणि रिकामी गाडी आपली आपण, सावकाश, दरीच्या अंगाला निघते. आपण ते पाहून हसलो. उडी मारणारा मात्र शहाणा होता.

(पडद्यावर: रस्त्याचा जवळून घेतलेला तुकडा. ओला, काळा, चकचकीत. एक बूट त्यावर हलकेच घासून बघतो.)

हा रस्ता ओला दिसतोय ना? ओला नाहीये. इथले ड्रायव्हर याला ‘पाला’ म्हणतात. आपल्याकडे पाला झाडाचा, पायाखाली कुरकुरणारा. यांच्याकडे पाला म्हणजे गोठलेलं दव, गोठलेलं पाणी. दुपारी उन्हाने बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावरून वाहतं, डोंगराची सावली पडली की ते तिथेच काचेसारखं धरतं. पांढरा बर्फ निदान दिसतो तरी. हा दिसत नाही.

थोडा हिशेब करू. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी करकचून ब्रेक मारला तर आठ-नऊ मीटरमध्ये थांबते. सपाट बर्फावर तिलाच साठ मीटरहून जास्त लागतात. आणि हे सपाटीवर. शंभर मीटरला दहा मीटर असा उतार असेल, तर त्या बर्फाची पकड आणि उताराची ओढ सारखीच होते. चारही चाकं जाम केलीत तरी गाडी थांबत नाही. बोगद्यापासून सोलंगपर्यंत दहा-बारा किलोमीटरमध्ये साधारण अर्धा किलोमीटर उंची उतरायची असते. सरासरी उतार म्हणजे तसा बेताचा. पण एखाद्या वळणावर तो दहाच्या पुढे गेला, की झालं.

कसारा आणि खंबाटकी उतरलेल्या आपल्या माणसाला घाट नवा नसतो. गाडी खालच्या गिअरवर ठेवायची हे त्याला पाठ असतं. पण गाडी जरा सरकली, की पाय आपसूक ब्रेकवर जातो. इथे रस्त्याकडेला उभा राहून ओरडणारा स्थानिक माणूस नेमकं उलटं सांगत असतो, “साब, ब्रेक छोडो! ब्रेक मत मारना!” कारण जाम झालेलं चाक वळत नाही. चाक फिरत असेल, तर निदान डोंगराच्या अंगाला, कडेच्या बर्फाच्या ढिगात गाडी घालता येते. बंपर फुटेल. फुटू दे.

आता तुमची गाडी नीट आहे आणि पुढच्या वळणावर कुणाची तरी आडवी झालीये, असं समजा. मदत करावीशी वाटते. करायलाच हवी. पण धावत सुटू नका.

आधी स्वतःची गाडी कुठे थांबवताय ते बघा. अडकलेल्या गाडीमागे, त्याच उतारावर थांबवलीत, तर पंधरा मिनिटांनी तुमचीही घसरणार आणि मदत करणाऱ्याला दोन गाड्या काढाव्या लागणार. बरं, हँडब्रेकवर भिस्त ठेवायची, तर तो बहुतेक गाड्यांत फक्त मागची दोन चाकं धरतो, आणि उतारावर गाडीचं वजन तर पुढे आलेलं असतं. म्हणून सपाट जागा गाठायची, चारही इंडिकेटर लावायचे, चाकांखाली दगड ठेवायचे. मग एका माणसाला वरच्या वळणाच्याही वर, टॉर्च किंवा लाल कपडा देऊन उभं करायचं. रस्त्यावर नाही, कडेला. वरून येणारी तिसरी गाडी थांबवणं हे त्या घटकेला सगळ्यात मोठं काम असतं आणि ते कुणालाच करायचं नसतं, कारण सगळ्यांना गाडी ढकलायची असते.

ढकलण्याबद्दल स्पष्टच सांगतो. उतारावर घसरणाऱ्या गाडीच्या खालच्या बाजूला उभं राहून तिला अंगाने अडवू नका. दीड टन लोखंड चार माणसांना ऐकत नाही. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहू नका, गाडी आणि कठड्याच्या मध्येही नाही. गाडीतल्यांना डोंगराच्या बाजूच्या दाराने बाहेर घ्या आणि रस्त्यापासून लांब, चढाच्या बाजूला नेऊन उभं करा. पाय घसरत असतील तर बुटांवरून लोकरीचे मोजे चढवा. दिसतं विचित्र, पण लोकर बर्फाला धरते.

(पडद्यावर: बेलचा. कुणीतरी चाकापुढचा बर्फ खरवडतोय. बाजूला मातीचं पोतं.)

मग गाडीचं बघायचं. रेस देऊन चाक जागच्या जागी फिरवलं, तर खालचा बर्फ आणखी गुळगुळीत होतो. बेलचाने चाकापुढचा बर्फ खरवडायचा, माती किंवा बारीक खडी टाकायची, गाडी दुसऱ्या गिअरवर अलगद सोडायची. काही जण किटलीतलं गरम पाणी ओततात. पाच मिनिटं बरं वाटतं, मग तेच पाणी नवा पाला होऊन बसतं. चाकाखाली गाडीतली मॅट घालणार असाल, तर मागे कुणी उभं नको, कारण चाक ती मॅट बंदुकीसारखी मागे फेकतं. टायरवर चढवायच्या साखळ्या असतील तर ज्या चाकांना इंजिनाची ओढ आहे त्यांना लावायच्या. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ती पुढची चाकं असतात. साखळी लावायला शिकायची जागा घराखालचं पार्किंग. इथे अंधारात, बधिर बोटांनी, पाकिटावरची चित्रं बघत ती लागत नाही.

ओढून काढायची वेळ आली, तर दोर बंपरला किंवा ॲक्सलला बांधायचा नाही. टूलकिटमध्ये एक जाड लोखंडी कडी असते. बंपरवरचं छोटं झाकण काढून ती आत पिळायची असते. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर बसते. हे माहीत नसलेला माणूस तिथे दहा मिनिटं चरफडत बसतो. दोर ताणला, की त्याच्या मधोमध एखादं जाड जॅकेट किंवा घोंगडी टाका. दोर तुटलाच, तर त्याचा फटका ती थोडा खाते. आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून लांब पाठवा. झटका द्यायचा नाही, सावकाश ताण द्यायचा. दोनदा प्रयत्न करून निघाली नाही तर सोडा. फोर बाय फोर आणि क्रेनवाले हे रोज करतात.

इथे खरी पंचाईत सुरू होते. माणसं गाडी सोडायला तयार नसतात. नवी गाडी, हप्ते चालू, आत सामान, मागच्या सीटवर झोपलेलं पोर. पोलीस म्हणतात उतरा, आमच्या गाडीतून खाली चला. मालक म्हणतो, सकाळपर्यंत थांबतो, हीटर आहे.

त्या हीटरबद्दल बोलायलाच हवं.

(पडद्यावर: गाडीची मागची बाजू. सायलेन्सरच्या नळीवर बर्फ चढलेला. एक हातमोजा तो खणून काढतो. नळीतून वाफ बाहेर पडते.)

जानेवारी २०२२. पाकिस्तानात रावळपिंडीच्या वरच्या अंगाला मरी नावाचं थंड हवेचं ठिकाण आहे. ७ तारखेच्या रात्री तिथे तुफान बर्फ पडला, झाडं कोसळून रस्ते अडले, हजारो पर्यटक गाड्यांतच राहिले. सकाळपर्यंत निदान २२ जण गेले होते, त्यांत दहा लहान मुलं. काहींचा जीव थंडीने गेला, काहींचा काचा बंद करून हीटर लावल्यामुळे गेल्याचं समोर आलं. चाकांपर्यंत बर्फ साचला, की सायलेन्सर बुजतो. इंजिनाचा धूर बाहेर जायला वाट नसल्यामुळे गाडीखाली कोंडतो आणि आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. प्रवासाने दमलेल्या माणसाला त्यात वावगं काहीच वाटत नाही.

म्हणून अडकलेल्या गाडीपाशी पोचलात, की काचेवर टकटक करा आणि लगेच मागे जाऊन सायलेन्सर मोकळा करा. हे एक काम कुणालाही जमतं, त्याला दोरही नको आणि साखळीही. गाडीत थांबावंच लागणार असेल, वारं सुटलंय, पुढचं दिसत नाही, आसपास घर नाही, तर गाडी सोडून चालत निघणं हा वेडेपणाच. तिथे थांबायचं. पण इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवायचं, दर वेळी आधी नळी साफ करून, आणि वारा नसलेल्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवून. घसरणीच्या उतारावर गाडी सोडायची आणि वादळात गाडी धरून बसायचं, हे एकमेकांच्या विरुद्ध वाटेल. दोन्ही वेळा प्रश्न एकच असतो, इथे मारणारी गोष्ट कोणती: गाडी की थंडी?

आतल्या माणसाकडेही नीट बघा. थडथड कापत असेल तर अजून बरं. कापायचं थांबलंय, बोलणं जड झालंय, जॅकेटची चेन लावता येत नाहीये, तर प्रकरण हाताबाहेर चाललंय. ओले कपडे काढा, छाती-पोटाला ऊब द्या, शुद्धीत असेल तर गोड चहा पाजा. हातपाय चोळायचे नाहीत. रमचा घोट तर बिलकूल नाही. दारूने ऊब वाटते तेवढीच, कातडीकडे रक्त धावतं आणि शरीर आतून आणखी गार पडतं. आणि ११२ला फोन करा. नेटवर्क येतं तिथूनच करा, पुढे ते असेलच असं नाही.

(पडद्यावर: दुसऱ्या दिवशीची सकाळ. रस्त्याच्या कडेला, डोंगराला नाक लावून उभी एक गाडी. नंबरप्लेट एमएच १२ने सुरू होते, पुढचं बर्फाखाली.)

ही गाडी रात्री इथेच सोडली गेली. वायपर उभे करून ठेवलेत, म्हणजे काचेला चिकटू नयेत. हँडब्रेक ओढलेला नाही, ओढला तर गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये आहे आणि चाकांना चार दगड. ज्याने कुणी हे केलं त्याला कुणीतरी नीट सांगितलं असणार.

अकरा वाजता ऊन रस्त्यावर येतं. सीमा सडक संघटनेचा डोझर वरून खाली बर्फ लोटत येतो, मागून दोघं जण फावड्याने माती फेकत चालतात. साडेअकराला एका टॅक्सीतून मालक उतरतो. आधी मागे जातो, वाकतो, हाताने सायलेन्सरवरचा बर्फ काढतो. मग दगड बाजूला करतो. टॅक्सीवाला खिडकीतून ओरडतो, “पहले गिअर में, साब, पाँव ऊपर!”

गाडी हलते. पहिल्या वळणाला ब्रेकचे दिवे लागत नाहीत.