खिरापतीत हादग्याची भाजी

मैत्रिणींनो, पाटावर हत्ती मांडलाय, फेर धरून तुम्ही दमलायत, आणि अशा वेळी मला आवडत्या भाजीवर बोलायला सांगितलंय. मग मी हादग्यावरच बोलणार. हात वर करा बरं, हादगा खेळलेल्या किती? सगळ्याच. आणि हादग्याच्या फुलांची भाजी खाल्लेल्या? पाच, सहा… सात. चला, अगदीच वाईट नाही.

पुण्याकडे भोंडला, वऱ्हाड-खानदेशात भुलाबाई, आमच्या सांगली-मिरजेकडे हादगा. 27 सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो, म्हणून पाटावर हत्ती. पण हादगा हे मुळात झाड, आणि ते फुलू लागतं तेही याच दिवसांत. संस्कृतात त्याला अगस्त्य म्हणतात. उद्या पहाटे पाचला गच्चीवर जा आणि दक्षिणेकडे बघा. हात लांब करून क्षितिजापासून एक वीत वर मोजलीत, की तिथे एकच ठळक तारा दिसेल, तेजात व्याधाच्या खालोखाल. तोच अगस्त्य. पावसाळा सरत आला की हा पहाटे दिसायला लागतो, आणि त्याच्या मागोमाग झाडाला कळ्या येतात. दोघांचं नाव एकच, याचं मला तरी नवल वाटत नाही.

आमच्या लहानपणी हादगा विकत आणायचा प्रश्नच नव्हता. पानमळ्यात वेलींना आधार म्हणून शेवरी, पांगारा, शेवगा आणि मधूनमधून हादगा असायचा. भराभर वाढतो, सावली विरळ, शिवाय वाल-वाटाण्याच्या कुळातला, त्यामुळे मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळतं ते वेगळंच. लाकूड मात्र ठिसूळ. झाडावर चढायचं नाही अशी सक्त ताकीद असे. माझा भाऊ एकदा चढला आणि फांदीसकट खाली आला. आजीनं आधी फांदीवरची फुलं खुडून घेतली, मग त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

तर भाजी. फूल चार बोटं लांब, पांढरंशुभ्र, कोयत्यासारखं वाकलेलं. लाल फुलांचंही झाड असतं. फुलं सकाळीच घ्यायची, दुपारी माना टाकतात. पूर्ण उमललेल्यांपेक्षा मिटलेल्या, टपोऱ्या कळ्या बऱ्या. मग एकेक कळी हातात धरायची, देठाकडची हिरवी टोपी काढायची, पाकळ्या बाजूला सारायच्या आणि आतला केसरांचा दांडा अलगद ओढायचा. कडूपणा मुख्यतः त्या दांड्यात. पन्नास कळ्या असतील तर हे पन्नास वेळा. म्हणून हे काम एकटीनं ओट्याशी उभं राहून करू नये, सूप पुढ्यात घेऊन कुणाशी तरी गप्पा मारत करावं.

फोडणीत लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा. तासभर भिजवलेली मुगाची डाळ त्यात आधी शिजत आणायची आणि चिरलेली फुलं शेवटी घालायची. पाणी नाही, झाकण नाही. पाच-सात मिनिटांत होते. आणि मीठ भाजी आळल्यावरच घाला, कारण परडीभर फुलांची वाटीभर भाजी होते. पहिल्यांदा करणारीला वाटतं, मध्येच कुणीतरी खाऊन गेलं. वर ओलं खोबरं, सोबत ज्वारीची भाकरी.

काही जणी फुलांना मीठ चोळून पिळून घेतात, वर गूळ घालतात. नका हो घालू! दांडा काढल्यावर जो कडवटपणा राहतो, तो घास गिळल्यावर मागाहून येतो, जिभेच्या मुळाशी, अगदी हलका. तो आला की दुसरा घास घ्यावासा वाटतो. गुळानं तो मारलात तर कढईत कांद्याची गोड भाजी उरते, तिच्यासाठी पन्नास कळ्या कशाला सोलायच्या?

बंगालात हीच फुलं पिठात बुडवून तळतात, बकफूल म्हणतात त्यांना. तमिळनाडूत फुलांपेक्षा पाल्याला मान, एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना तो पानात लागतो. थायलंडमध्ये फुलं आंबट-तिखट रश्शात पडतात.

आता एक खिरापतीची गोष्ट सांगते आणि बसते. मी सहावीत असेन. आमच्या अंगणात हादगा, मधोमध झाडाची फांदी रोवलेली, आणि खिरापत आमची. आईनं डब्यात ही भाजी भरली, भाकरीचे तुकडे फडक्यात बांधून वेगळे ठेवले. गोड की तिखट? दोन्ही नाही. आंबट? नाही. डबा हलवून पाहिला तर आवाजच नाही. पोरींनी लाडवापासून मटकीच्या उसळीपर्यंत सगळं म्हणून पाहिलं, फांदीभोवती उभं राहूनच, पण फांदीकडे काही कुणी पाहिलं नाही. शेवटी हरल्या. डबा उघडला, तर एक जण नाक मुरडून म्हणाली, “शी, हादगा कुणी खातं होय?”

ती आज तिसऱ्या रांगेत बसलीय. मघाशी वर आलेल्या सात हातांत एक तिचा होता.