दमदम गोळीवर बंदी होती, पण कोणासाठी?

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की आज केवळ त्याच्या उत्तरासाठी बसलो आहे. प्रश्न असा: जिनिव्हा कराराने दमदम गोळीवर बंदी घातलेली असताना ब्रिटिशांनी ती वायव्य सरहद्दीवरच्या तिराहच्या मोहिमेत आफ्रिदी पठाणांवर कशी झाडली?

या वाक्यातल्या एका चुकीला मीच जबाबदार आहे, कारण बोलण्याच्या ओघात मी ‘जिनिव्हा’ म्हणून गेलो होतो. १८६४ चा जिनिव्हा करार जेमतेम दहा कलमांचा होता. त्यात रणांगणावरचे जखमी, त्यांची शुश्रूषा करणारे आणि पांढऱ्यावरचा लाल क्रॉस यांचा विचार आहे, शस्त्रांबद्दल अवाक्षर नाही. शस्त्रांवरचे निर्बंध सेंट पीटर्सबर्गला १८६८ मध्ये सुरू झाले आणि हेगला १८९९ मध्ये पुढे सरकले. काही जण ‘हेगचा तह’ असे लिहितात, तेही मला खटकते. सालबाईचा तह झाला तो चालू लढाई मिटवण्यासाठी. हे करार शांततेच्या काळात, पुढे लढाई झालीच तर ती कशी लढावी यासाठी झाले.

गोळी कशी होती ते या बॉलपेनवर दाखवतो. आतली कांडी म्हणजे शिशाचा गाभा आणि बाहेरची नळी म्हणजे त्यावरचे कठीण धातूचे आवरण. आवरण टोकापर्यंत असेल तर गोळी बहुधा आरपार निघून जाते. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोकाकडचे शिसे असे उघडे ठेवले गेले, त्यामुळे शरीरात शिरताच ते पसरून मोठी जखम करी. हेगच्या १८९९ च्या घोषणापत्रात ‘दमदम’ हे नाव नाही. शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या, एवढेच वर्णन आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि येथे कृपया व्हिडिओ पुढे ढकलू नका. माझ्या आईच्या भिशीत हप्ता उशिरा दिला की दंड असे, पण शेजारच्या काकू, ज्या सभासद नसून केवळ पोहे खायला येत, त्यांना कोणी दंड करू शकत नसे. सुरुवातीचे युद्धविषयक करार नेमके असेच होते. रशियाने स्वतःच तयार केलेल्या, मऊ वस्तूवर आदळूनही फुटणाऱ्या गोळीला घाबरून १८६८ मध्ये बैठक बोलावली आणि ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या वर्ज्य ठरवल्या. पण हे बंधन सहभागी राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धापुरतेच होते, आणि त्या युद्धात कोणत्याही बाजूने बाहेरचे एखादे राष्ट्र उतरले की ते त्या क्षणापासून सर्वांसाठीच सुटत असे. म्हणजे काकू येऊन बसल्या की सभासदांचाही दंड माफ.

हेच कलम १८९९ च्या घोषणापत्रातही आहे. तिराहची मोहीम १८९७-९८ ची, म्हणजे घोषणापत्राच्या आधीची. त्यामुळे मोडायला करारच नव्हता. शिवाय ब्रिटनने त्या वेळी ते स्वीकारलेही नाही. त्यांचे प्रतिनिधी सर जॉन अर्डा यांनी हेगमध्ये असा युक्तिवाद केला, की साध्या गोळीने ‘रानटी’ शत्रू थांबत नाही, आरपार जखमी होऊनही तो अंगावर धावून येतो. हे वाचताना मला आजही संताप येतो. ब्रिटनने १९०७ मध्ये घोषणापत्र मान्य केले, तरी आफ्रिदी टोळ्या त्यात सहभागी राष्ट्र नव्हत्या, त्यामुळे त्या कलमाने त्यांना त्यानंतरही काही संरक्षण दिले नसते.

‘हा फक्त वसाहतींवरचा अन्याय होता,’ असे कोणी लिहिण्याआधी १९१४ कडे पाहा. १९०७ च्या भूयुद्धविषयक हेग करारावर सर्बिया आणि माँटेनेग्रो यांनी सह्या केल्या होत्या, पण अनुसमर्थन दिले नव्हते. सही म्हणजे साखरपुडा, अनुसमर्थन म्हणजे लग्न. त्या करारातही सर्व युद्धखोर राष्ट्रे सहभागी असण्याची अट होती, त्यामुळे ही दोन छोटी राष्ट्रे युद्धात असताना तो करार, कागदोपत्री, युरोपातल्या बड्या राष्ट्रांनाही बांधत नव्हता.

‘मग त्या कागदाचा उपयोग काय?’ असे एका ताईंनी विचारले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्यात नाझी नेत्यांच्या बचावपक्षाने याच कलमाचा आधार घेतला. १९४६ च्या निकालात न्यायाधीशांनी त्या वादात शिरणेच टाळले: १९०७ चे नियम १९३९ पर्यंत रूढ कायदा, म्हणजे करारात नसलेल्यांनाही लागू होणारा कायदा, झाले होते, म्हणून कोण सहभागी होते हा प्रश्नच उरत नाही, असे त्यांनी ठरवले. तिराहमधल्या लढाया तोवर संपून जवळपास पन्नास वर्षे झाली होती.