दुखतो गुडघा, बिघडतो खुबा

नमस्कार श्रोतेहो.

गुडघा दुखतो म्हणून एखादा माणूस येतो. वय चाळिशीच्या आसपास. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ. मलमं चोळून झाली, शेकून झालं. त्याला उताणं झोपवून, गुडघ्यात वाकवलेला पाय खुब्यातून वळवून पाहिला की तो कळवळतो आणि हात जातो थेट जांघेत. दुखणं खुब्याचं असतं. खुबा आणि गुडघा यांच्या काही नसा सामाईक, म्हणून कळ खाली उतरते.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. त्याला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या हाडाच्या मानेला बिलगून वर चढतात. दुसरी भरवशाची वाट जवळजवळ नाहीच. मान मोडली किंवा खुबा निखळला की त्या तुटतात. पण पडझड न होताही रक्त अडतं. मोठ्या मात्रेत घेतलेली स्टेरॉइड्स, अतिरेकी दारू आणि सिकलसेल हा रक्ताचा आजार ही ठळक कारणं. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांनाही हे होतं. काही वेळा कारण सापडतच नाही. रक्त न मिळाल्याने हाडाच्या पेशी मरतात; डॉक्टर याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, थोडक्यात एव्हीएन म्हणतात.

आता यातली फसवी गोष्ट. पेशी मेल्या तरी हाडाचा सांगाडा लगेच पडत नाही. म्हणून सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसतो आणि रुग्ण 'काही नाही' ऐकून घरी जातो. पुढे शरीर मेलेलं हाड पोखरून काढू लागतं, पण नवं हाड त्या वेगाने भरत नाही. वाळवी लागलेल्या तुळईसारखी गत. मग चेंडूवरच्या गुळगुळीत आवरणाखाली, म्हणजे कूर्चेखाली, चंद्रकोरीसारखी रेघ उमटते. ती एक्स-रेत दिसते तेव्हा हाड खचायला लागलेलं असतं. त्याआधीच गाठायचं तर एमआरआय हवा. जांघेतली कळ आठवड्यांमागून आठवडे टिकली आणि वरची कारणं असली, तर एक्स-रेवर थांबू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

चेंडू शाबूत असेल तर हाडात भोक पाडून आतला दाब उतरवतात, कधी तिथे हाडाचे तुकडे भरतात. प्रत्येक खुबा यातून वाचतो असं नाही; मेलेला भाग मोठा असेल तर यश कमी. कुबड्यांनी वेदना हलकी होते, आजार थांबेलच असं नाही. चेंडू चपटा होऊन सांधा झिजला, की बहुधा कृत्रिम सांधा. तो चांगला चालतो, पण तरुण माणसाला पुढे कधीतरी तो बदलावा लागू शकतो, म्हणूनच आधीची धडपड.

आणि हो, हे ऐकून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं. मात्रा डॉक्टरच उतरवतील.

एमआरआय दोन्ही खुब्यांचा करतात. दुखत नसलेल्या बाजूलाही डाग सापडणं नवलाचं नाही, आणि वाचवायची संधी पुष्कळदा त्याच खुब्यात जास्त असते.