आरोपी मिळून आला नाही

मंडळी, विषय आहे आरोपीच्या गैरहजेरीतला खटला आणि त्याचा बचावाचा हक्क. पण आधी एका ऊसतोड कामगाराचं सांगू द्या, कारण वकील असूनही हा विषय मी त्याच्याकडूनच शिकलो.

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर आज जिथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, तिथं तेव्हा जिल्हा न्यायालय होतं. या बेंचसाठी आपण चाळीसेक वर्षं झगडलो. १८ ऑगस्ट २०२५ ला काम सुरू झालं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. असो. तर हा कामगार बीडकडचा. कलम ३०७ चा, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा आरोप, जामिनावर सुटलेला. तारखेला आला नाही म्हणून वॉरंट गावी गेलं. शेरा आला: 'घरास कुलूप, आरोपी मिळून आला नाही.' मग फरारीचा जाहीरनामा त्याच कुलपाशेजारी चिकटवला. आणि हा कुठं होता? शिरोळ तालुक्यात, फडाशेजारच्या कोपीत, बायको-पोरांसह! कोर्टापासून एसटीनं दीड-दोन तासांवर. शेजारच्या म्हातारीनं तो कागद गुरुजींना दाखवला, गुरुजींनी मुकादमाला फोन लावला, तेव्हा कुठं हा माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

खटला चालला. साक्षीदार सांगत होता, रात्री नऊला यानं कोयता मारला. माझ्याकडं विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात मागून याची चिठ्ठी नाही, हाक आली, "सायेब, त्या राती आमची गाडी काट्यावर व्हती. पावती मुकादमाकडं हाय." वजनकाट्याची पावती! तारीख, वेळ, गाडी नंबर, सगळं त्यावर. तपासाच्या कागदांत तिचा उल्लेखही नव्हता. माणूस निर्दोष सुटला.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा भराभर सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम ३५६ लागू आहे. खटला चुकवायला पळालेला, फरार घोषित झालेला आणि लगेच सापडण्याची शक्यता नसलेला आरोपी असेल, तर कारणं नोंदवून त्याच्या गैरहजेरीत खटला चालवता येतो, शिक्षाही देता येते. अटी आहेत: किमान ३० दिवसांच्या अंतरानं दोन वॉरंटं, वर्तमानपत्रात नोटीस, घरावर नोटीस, दोषारोप ठेवल्यावर ९० दिवसांची वाट. वकील नसेल तर सरकारी खर्चानं मिळतो. परदेशात पळून बसलेल्यांसाठी हे हवंच. फिर्यादीनं वाट बघत म्हातारं व्हावं, असं मीही म्हणणार नाही.

पण ९० दिवस उसाच्या एका हंगामात सहज मावतात. आणि त्या वकिलाला पावतीचं कोण सांगणार? राज्यघटनेचा अनुच्छेद २२ 'आपल्या पसंतीच्या' वकिलाचा हक्क देतो. इथं वकील आणि अशील एकमेकांना बघतही नाहीत. खटला चालू असताना आरोपी सापडला, तर आधीचा पुरावा तपासू द्यायचा की नाही, हे न्यायालयाच्या मर्जीवर. निकालानंतर अपील करायचं तर स्वतः हजर व्हायला हवं, आणि तेही तीन वर्षांच्या आत. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं १९८५ साली कोलोझा विरुद्ध इटली खटल्यात सांगितलं, की ज्याला खटल्याची खबरच नव्हती, त्याला नव्यानं सुनावणी मिळाली पाहिजे. आपल्या कलमात तसा स्पष्ट हक्क लिहिलेला नाही. तो लिहून घ्यायला हवा.

तोवर एवढं तरी करा. आरोपी ऊसतोडीला जाणारा असेल, तर नोटीस त्याच्या गावच्या कुलपावर लावाच, पण मुकादमाला गाठा, आणि एक प्रत कारखान्याच्या काट्यावर लावून तिथं मोठ्यानं वाचून दाखवा.