कोळीण तीच, कुळ दुसरं

(दृश्य: मेळघाट. पायवाटेवर दोन सागांमध्ये ताणलेलं मोठं जाळं. ऊन पडताच धागे सोनेरी.)

पावसाळा ओसरला की मेळघाटातल्या वाटांवर असं जाळं थेट तोंडावर येतं. मधोमध नाही, वरच्या अंगाला बसलीय ती या कोळ्याची मादी, नेफिला पिलिपीस. नुसतं धड ३ ते ५ सेंटिमीटर. त्याच जाळ्यावरचा अर्ध्या सेंटिमीटरचा नर अनेकांना वेगळीच जात वाटतो, आणि यादीत एक नाव उगाच वाढतं. जुन्या याद्यांत हीच मादी 'नेफिला मॅक्युलाटा' म्हणून सापडेल. तीही वेगळी मोजू नका.

(दृश्य: जाळ्याचा जवळून भाग.)

चिकट फेऱ्यांच्या अधूनमधून एक कोरडी फेरी दिसते. चक्राकार जाळं विणणारे बहुतेक कोळी ही तात्पुरती फेरी चिकट धागा लावता लावता तोडून टाकतात. नेफिला ती ठेवते.

नेफिला आणि तिच्या जवळच्या कोळ्यांच्या गटाला २००६ मध्ये कोळीतज्ज्ञ मात्याझ कुंटनर यांनी नेफिलिडी हे स्वतंत्र कुळ दिलं. २०१७ मध्ये डिमित्रॉव्ह आणि सहकाऱ्यांनी त्याला अरेनिडी कुळात उपकुळ म्हणून बसवलं. २०१९ मध्ये कुंटनर यांच्या गटानं पुन्हा वेगळं काढलं, शिवाय नेफिला ही प्रजातीच (म्हणजे जवळच्या जातींचा गट) फोडली: क्लॅव्हिपीससारख्या बऱ्याच जाती ट्रायकोनेफिलात गेल्या, आपली पिलिपीस जागेवर राहिली. २०२० मध्ये कॅलल आणि सहकाऱ्यांनी पुन्हा अरेनिडी म्हटलं, आणि जागतिक कोळी सूचीनंही तेव्हा तेच कुळ मानलं.

नेफिला आणि तिची भावंडं एकाच पूर्वजाची, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत. भांडण फक्त हुद्द्याचं. नेफिलिडीला कुळ म्हटलं की शेजारच्या फोनोग्नाथा या प्रजातीच्या गटालाही कुळ म्हणावं लागतं, आणि २०१९ मध्ये तसं केलंही गेलं. नवी माहिती न मिळता कुळं वाढवण्यात फारसा अर्थ नाही. कॅलल यांची बाजू इथे वजनदार वाटते.

(दृश्य: बाटली, पेन्सिल, जाड कागदाची चिठ्ठी.)

नमुना घ्यायचा तर आधी वनविभागाची परवानगी. मादी प्रौढच हवी; पिल्लांत पोटाखालची जननपट्टिका तयार झालेली नसते, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं काय? एक पाय डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, बाकी शरीर ७० ते ७५ टक्क्यांत, कारण तीव्र अल्कोहोलनं पाय ठिसूळ होऊन तुटतात. एवढ्या मोठ्या पोटातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदला, नाहीतर पोट सडतं. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई विरघळते. ठिकाण, तारीख, जाळ्याची उंची आणि जातीचं पूर्ण शास्त्रीय नाव लिहा. कुळाचा रकाना शेवटी, वापरलेल्या सूचीच्या वर्षासह.