पाचांत एक, पाचांत चौघी

(दृश्य: लाटणी उंचावलेल्या बायकांचा मोर्चा, जुनी छायाचित्रं)

१९७२. दुष्काळाचं साल, महागाईचा भडका. मुंबईत बायकांची महागाईविरोधी समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एकाच समितीत. एरवी सभेत तोंड न उघडणाऱ्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि घरातलं वाणसामान हा राजकारणाचा विषय झाला.

बाई सभेत बोलते की गप्प राहते, हे भोवती बायका किती आहेत यावर एवढं ठरतं?

(दृश्य: गोल टेबल, पाच खुर्च्या)

अमेरिकेत क्रिस्टोफर कार्पोविट्झ आणि टाली मेंडेलबर्ग या राज्यशास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने तपासलं. पाच-पाच जणांचे गट. कुठे एकच बाई, कुठे चौघी. विषय असा, की गरिबाला किमान किती उत्पन्नाची हमी द्यायची? जिथे निर्णय बहुमताने होता, तिथे एकटीदुकटी बाई फारच कमी बोलली. तिला मध्येच तोडणंही जास्त. चौघी झाल्यावर ही दरी बुजली. मुलाबाळांचे, गरजूंचे विषय निघू लागले आणि हमीची रक्कमही वाढली.

मला मोलाचं वाटतं ते पुढचं. निर्णय एकमताने घ्यायचा ठरला, तेव्हा संख्येने कमी असलेल्या बायकाही बोलत्या झाल्या. त्यांच्या होकारावाचून गाडी पुढे सरकतच नव्हती ना!

(दृश्य: सोसायटीची वार्षिक सभा, प्लास्टिकच्या खुर्च्या)

आता आपल्याकडची एखादी सोसायटी घ्या. कमिटीत महिलांसाठी दोन जागा राखीव, कायद्यानेच. टाकीचं पाणी सकाळी कधी सोडायचं, हा विषय निघतो. मागून एक काकू सांगू लागतात, "साडेपाचला आलं तर डब्यांच्या आधी..." सेक्रेटरी म्हणतात, "वहिनी, ते नंतर बघू. आधी पार्किंग." इतिवृत्तात पार्किंगला अर्धं पान. पाण्यावर एकच ओळ: चर्चा झाली.

मुंबई महापालिकेत २२७ जागांपैकी निम्म्या महिलांसाठी राखीव आहेत. तिथे दोघींवर भागवलेलं नाही, हे फार चांगलं झालं.

(दृश्य: नोटीस बोर्ड)

गावात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं महाराष्ट्राचा कायदा सांगतो. सोसायटीतल्या बायकांनाही वार्षिक सभेआधी एकत्र बसता येईल. त्यांनी आपले ठराव लिहून द्यावेत आणि कमिटीने ते विषयपत्रिकेवर पार्किंगच्या वर घ्यावेत.