कापूस की कर्ज? मुंबईचा 1865 चा हाहाकार

(दृश्य: ठाणे खाडीवरचा रेल्वेपूल, भरतीचं पाणी)

1 मे 1854 ला आगगाडी ही खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. 1863 च्या एप्रिलात बोरघाट खुला झाला, 1 जानेवारी 1865 ला थळघाट. वऱ्हाड-खानदेशातला कापूस आधी बैलगाड्यांनी घाट उतरायचा. आता त्याच्या गाठी ठाण्यावरून थेट मुंबई बंदराकडे निघाल्या. तिकडे 1861 पासून अमेरिकेत यादवी पेटलेली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झालेली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या कापसाशिवाय गत्यंतर नव्हतं. भाव चढले, मुंबईत पैसा आला.

(दृश्य: मरीन ड्राइव्ह, समुद्राकडून)

तो पैसा गेला समुद्रात भर घालायला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा 5000 रुपयांचा शेअर ऐन भरात मूळ किमतीवर 50,000 च्या आसपास प्रीमियमने, म्हणजे जादा रकमेने, विकला जात होता. जमीन अजून पाण्याखालीच होती.

मग हे कोसळलं कशामुळे? रूढ उत्तर सोपं आहे: 9 एप्रिल 1865 ला अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले, कापूस पडला, मुंबई बुडाली. दुसरं उत्तर सगळा दोष तेव्हाचे मुंबईचे बडे शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्यावर टाकतं. आम्हाला दोन्ही अपुरी वाटतात. तह होणार अशा वावड्यांनी 1864 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातही कापूस गडगडला होता. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर 9 टक्क्यांवर होता. मुंबईचा बाजार मात्र त्या हिसक्यातून तरला. जानेवारी 1865 मध्ये शहरात 31 बँका, 16 वित्तसंस्था आणि 62 जॉइंट स्टॉक (भागभांडवली) कंपन्या होत्या. त्यांना तोलून धरणारा पैसा कुठून येत होता, तेच पाहायला हवं.

(दृश्य: जुन्या शेअर सर्टिफिकेटचा क्लोजअप)

हा कागद पाहा. समजा त्याचा भाव 25,000 झाला. मालक तो बँकेत तारण ठेवून 15,000 उचलतो, त्यातून नव्या कंपनीचे तीन शेअर घेतो आणि ते दुसऱ्या बँकेत तारण ठेवतो. मूळ शेअर 10,000 वर आला की पहिली बँक उरलेले पैसे मागते. रोकड नसते, म्हणून तो नवे शेअर विकायला काढतो. त्यांचेही भाव पडतात आणि दुसऱ्या बँकेचं तारण आटतं. त्यातच शेअरची पूर्ण रक्कम बहुधा भरलेली नसे. उरलेल्या हप्त्याची मागणी नेमकी पडत्या बाजारात यायची.

1840 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बे या मुंबईच्या निमसरकारी बँकेवर कर्जाचे कडक निर्बंध घातले होते. 1863 च्या दहाव्या कायद्याने ते सैल केले, शेअरवर कर्ज देणं मोकळं झालं, आणि भांडवल सव्वाबावन्न लाखांवरून 2 कोटी 9 लाखांवर गेलं. ही बँक पुढे बुडाली, तेव्हा नेमलेल्या सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगाने बोट ठेवलं ते या कायद्यावर, सेक्रेटरींनी केलेल्या गैरवापरावर आणि संचालकांच्या हलगर्जीपणावर. प्रेमचंद यांच्या शब्दावर कर्जं मंजूर होत हे खरंच. पण शब्दावर मंजुरी देणारी माणसं बँकेचीच होती. तो काळ तरुणपणी पाहिलेले काँग्रेस नेते दिनशा वाच्छा यांनीही पुढे 1910 साली या सट्ट्यावर सविस्तर लिहिलं.

(दृश्य: हॉर्निमन सर्कल, टाउन हॉलच्या पायऱ्या)

मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा यांची पेढी सुमारे 3 कोटी 30 लाखांच्या देण्याखाली बसली. बहुतेक वायद्यांची, म्हणजे ठरलेल्या तारखेला पैसे देऊन शेअर घ्यायच्या सौद्यांची, मुदत होती 1 जुलै 1865. त्या दिवशी घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत, म्हणून विकणाराही दुसरीकडे थकला. तो दुसरीकडे घेणारा होताच. साखळीतली एक कडी तुटली की पुढची धरून ठेवायला कुणाकडेच रोकड नव्हती.

1868 मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळली गेली. हजारो घरं उघडी पडली.

(दृश्य: चर्चगेट स्टेशन, मग राजाबाई टॉवर)

बॅकबेच्या भरावाची पट्टी पुढे बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेच्या कुलाब्याकडच्या रुळांना मिळाली. आणि हा टॉवर, प्रेमचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, पुरा झाला 1878 मध्ये.